गळती

सरकारी कचेरीत ज्यांची हयात जाते त्यांना 'गळती' हा शब्द परका नाही. महसुलाची गळती असते, साठ्याची असते, नळाच्या पाण्याची तर असतेच असते. गेली अकरा वर्षे आम्ही या ना त्या नस्तीत गळतीचेच परिच्छेद उतरून काढीत आलो आहो. तिची टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत काढावी, कारणे द्यावीत, उपाययोजना 'विचाराधीन' आहे असे लिहावे आणि कागद वर पाठवावा, असा परिपाठ आहे. या गळतीचा एक मोठा गुण असा की तिला वास नसतो. कपड्यांना ती लागत नाही, आणि रात्री तिची आठवण होऊन कोणी दचकून उठत नाही.

वास असलेली गळती आमच्या वाट्याला आली ती शिलाँगला, नोव्हेंबर २०२२ मध्ये.

शिलाँगला मराठी कुटुंबे किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही. आमच्या वस्तीत ती सहा होती. वेगवेगळ्या खात्यांतली, वेगवेगळ्या पगाराची, आणि एरवी सातारा-नागपूर यांच्यात जे अंतर असते ते इथे चुलीपाशी विसरलेली. या सहा घरांत मोटारी दोनच, आणि खऱ्या उपयोगाची एकच. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांची डिझेलवर चालणारी २०१० सालची व्हॅन. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला गुवाहाटीच्या स्टेशनावरून ट्रंका-गाद्यांसह वर आणायचे तर ती. गणपतीची मूर्ती आणायची तर ती. आणि पावसाच्या दिवसांत, म्हणजे शिलाँगच्या हिशेबाने निम्म्या वर्षात, पोरांना शाळेत सोडायचे तरी तीच. गाडी स्नेह्यांच्या नावावर होती, एवढाच काय तो तिच्या मालकीचा पुरावा.

याच स्नेह्यांच्या मातोश्री त्यांच्यापाशी राहत. सगळी वस्ती त्यांना आजी म्हणे. वय चौऱ्याऐंशी. श्रावणात न्हाणीघरात पडल्या, मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया होऊन आत सळई बसली. हाड जुळले, परंतु गुडघा दुमडून अर्ध्या तासाहून अधिक बसणे त्यांना जमेना. दिवाळी होताच त्यांनी मुलाला सांगितले, "मला आता घरी ने." घर म्हणजे कऱ्हाडजवळचे गाव. मुलगा म्हणाला, "फेब्रुवारीत मी निवृत्तच होतो आहे, तेव्हा सगळेच जाऊ." आजी म्हणाल्या, "फेब्रुवारीचं तू तुझं बघ." त्यानंतर त्या विषयावर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले. न बोलणारी माणसे किती मोठ्याने बोलतात ते त्या आठवड्यात आम्ही पाहिले.

शेवटी मुंबईच्या गाडीची तिकिटे काढली. गुवाहाटीपर्यंतचे शंभर किलोमीटर उताराचे आणि वळणांचे. भाड्याच्या गाडीत पाय पसरून निजता येत नव्हते. व्हॅनच्या मागच्या दोन बाकांची पाठ पाडली की गादी बसते. तेव्हा न्यायचे ते व्हॅननेच, असे ठरले. निघायला नऊ दिवस उरले होते, आणि व्हॅन सुरू होईना.

सुरू होईना हेही तितकेसे खरे नाही. दुपारी ती पहिल्या हाकेला उठे. पहाटे मात्र स्टार्टर दहा-दहा वेळा फिरवावा तेव्हा खोकत, पांढरा धूर टाकीत जागी होई. जिथे ती उभी राही तिथे सकाळी सिमेंटवर तळहाताएवढा काळपट डाग दिसे, आणि पाऊस पडला की त्यातून इंद्रधनुष्याचे रंग ओघळत. पोरांना त्याचे मोठे कौतुक. आमच्या सौभाग्यवतींना कौतुक नव्हते. कारण चढावर ओल्या रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरून पुढची स्कूटर घसरते, ही गोष्ट त्यांना आमच्याआधी सुचली.

ज्या कारागिराकडे आम्ही गाडी नेली त्याला सगळे 'बाह' म्हणत. खासी भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने असे म्हणतात. साठीच्या घरातला, ठेंगणा, सदा सुपारी चघळणारा. बोलणे हिंदीत, तेही मोजके. त्याने बॉनेट उघडले, पंपाकडे पाहिले आणि कुठेही बोट लावले नाही. प्रथम रॉकेलने पंप धुतला, फडक्याने पुसून कोरडा केला, मग आमच्याकडे वळून विचारले, "पावडर आहे का? तोंडाला लावायची." आम्ही आजींचा डबा आणून दिला. त्याने ती सुगंधी पावडर पंपावर चहूकडे भुरभुरली आणि इंजिन सुरू करविले. पाच मिनिटांत पांढऱ्या पंपावर दोन ठिकाणी ओल उमटली. एक, जिथे चार नळ्या निघतात तो पोलादी माथा पंपाच्या अंगाला मिळतो त्या सांध्यावर. दुसरी, वर ॲक्सिलरेटरची दांडी ज्या दट्ट्यातून आत शिरते तिच्या मुळाशी. आमच्या खात्यात गळतीचे ठिकाण निश्चित करायला समिती नेमतात.

इथे त्या पंपाविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. वाचकांपैकी कित्येकांच्या आजोळी विहिरीवर डिझेल इंजिन असेल. किर्लोस्करांचा पुण्यातला ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ चा. तेव्हापासून त्या धडधडीवर निजलेल्या दोन पिढ्या तरी महाराष्ट्रात आहेत. पण ते इंजिन पेट कसा घेते हे आपण सहसा विचारीत नाही. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी तेल फवारतात. सारी मख्खी या फवारण्यात. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी केले तेव्हा तेल आत ढकलायला दाबलेली हवा वापरली होती, आणि त्यासाठी वेगळे अवजड यंत्र लागे. असले इंजिन कारखान्यात चाले, जहाजावर चाले. मालमोटारीत ते बसवायचे कुठे? तेलच दाबून फवारणारा आटोपशीर पंप रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ साली नियमितपणे बाहेर पडू लागला आणि डिझेल रस्त्यावर आले. ते पाहायला डिझेल राहिला नव्हता. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला होता.

आमच्या व्हॅनमधला पंप पुढच्या काळातला, चार सिलिंडरांना एकच दांडा पुरवणारा. हा दांडा करंगळीहून फारसा जाड नाही. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी मागेपुढे होतो. एका फेऱ्यात चार वेळा तेल दाबतो आणि चार वाटांनी वाटतो. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असताना पंपाचे दीड हजार होतात, म्हणजे सहा हजार वाटे. सेकंदाला शंभर. आणि प्रत्येक वाटा एका थेंबाहूनही लहान. शिधावाटपाच्या दुकानात असा हात कोणाचा पाहिला नाही.

या दांड्याभोवती रबर नाही, दोरा नाही, काही नाही. दांडा आणि त्याचे घर एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात; त्यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांची, म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. शेकडो वातावरणांचा दाब तेवढ्या जवळिकीच्या बळावर धरून ठेवलेला असतो. पुरता धरलेला नसतोच. त्या फटीतून सदैव थोडे तेल मागे झिरपते, आणि तेच त्या दांड्याचे वंगण असते. ते झिरपले नाही तर दांडा जागीच धरेल. पंपाचे पोट या तेलाने नेहमी भरलेले, तिथला दाब थोडा, आणि जादा तेल दुसऱ्या नळीने टाकीत परत जाते. तेव्हा ज्याला आपण भयंकर दाबाचा पंप म्हणतो त्याची मोठ्या दाबाची बाजू, गळत असूनही, शाबूत होती. जे बाहेर ठिबकत होते ते पोटातले, कमी दाबाचे तेल, आणि ते अडवायला होती दोन-चार रुपयांच्या मोलाची रबराची कडी.

ती कडी का हरली? बाहचे उत्तर, "तेल बदलले." प्रथम आम्हांला हे म्हाताऱ्या माणसाचे 'आताच्या तुपाला वास नाही' या जातीचे वाटले; पण ते शब्दशः खरे होते. गाडी बनली तेव्हा डिझेलमध्ये दहा लक्ष भागांत साडेतीनशे भागांपर्यंत गंधक चाले. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळू लागले त्यात ही मर्यादा दहा भागांची झाली. शहरांच्या हवेसाठी ते फार चांगले झाले. परंतु गंधक काढताना तेलातली दुसरीही काही द्रव्ये कमी होतात, ज्यांनी जुन्या जातीचे रबर फुगून घट्ट राहत असे. वर्षानुवर्षे फुगून ताठरलेली कडी नव्या तेलात आक्रसते, आणि सांधा उघडा पडतो. अमेरिकेत १९९३ साली तेल बदलले तेव्हा तिथेही जुन्या पंपांनी अशीच तक्रार केली होती. आणि ज्या फटीतून इंजिन चालताना तेल बाहेर येते, तिच्यातूनच गाडी उभी असताना हवा आत जाते. रात्रभरात तेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि पहाटे पंपाच्या पोटात हवा. पहाटेच्या त्या खोकल्याचे कारण हे.

आता करायचे काय? बाह म्हणाला, मार्ग दोन. चार स्क्रू ढिले करून माथा बोटभर पुढे ओढायचा, कडी बदलायची, मागे बसवायचा. दोन तासांचे काम. पण माथा एका रेषेपलीकडे आला तर आतल्या स्प्रिंगा जागा सोडतात, आणि मग इंजिन फिरवले की पंपाचा चुरा. शिवाय वरच्या दांडीची गळती तशीच. दुसरा मार्ग, पंप उतरवून गुवाहाटीला तपासणीच्या यंत्रावर न्यायचा, सगळी रबरे नव्या जातीची घालायची. त्याला चार-पाच दिवस.

आमचे स्नेही पहिल्या मार्गाचे. त्यांचा स्वर चढला होता, जो एरवी कधी चढत नसे. "कसेबसे गुवाहाटीपर्यंत पोचू दे, पुढचे पुढे पाहू," ते म्हणाले. बाहने सुपारी थुंकली आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. तिला टोकाचे पेर नव्हते. तरुणपणी एका ट्रकच्या फुटक्या नळीवर, चालू इंजिनात, गळती कुठे आहे ते पाहायला त्याने बोट फिरवले होते. सुई टोचल्यासारखे झाले, रक्ताचा टिपूसही नव्हता. तो संध्याकाळपर्यंत काम करीत राहिला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. तेल कातडीतून आत शिरून मांसात पसरले होते. पेर गेले, हात राहिला. "घाईचे होते ते काम," तो म्हणाला, "ट्रकवाल्याला कांदे पोचवायचे होते." मग जरा थांबून, "यात आई जाणार ना?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. पंप उतरवायचे ठरले.

पहिले सिलिंडर वरच्या टोकाला आणून त्याने पंपाच्या पट्टीवर आणि इंजिनाच्या अंगावर छिन्नीने एकच बारीक रेघ ओढली, नळ्यांची तोंडे चिंध्यांनी बांधली, आणि पंप काढून आमच्या हाती दिला. पाच-सहा किलोंचा ऐवज. गोणपाटात गुंडाळला तरी वास लपेना. शनिवारी पहाटे तो मांडीवर घेऊन आम्ही सुमोने निघालो. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली ती खानापाऱ्यापर्यंत मिटली नाही. उमियमचा जलाशय धुक्यात होता. त्याच्याकडे पाहायचे सोडून आम्ही गोणपाट सरळ आहे ना हे पाहत होतो. लहान मूल घेऊन प्रवास करणाऱ्या माणसाला जी सहानुभूती मिळते ती पंप घेऊन जाणाऱ्याला मिळत नाही, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते.

तपासणीचे दुकान म्हणजे एक स्वच्छ, जवळजवळ दवाखान्यासारखी खोली. मालक आसामी, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने पंप उघडला, जुनी कडी चिमट्याने काढून आमच्या तळहातावर ठेवली. गोल असायची ती एका अंगाने चपटी झाली होती. वाकवली तशी मोडली. प्रत्येक सुटा भाग तो स्वच्छ तेलात बुडवून पांढऱ्या तबकात मांडीत होता आणि मधूनमधून एखादा उजेडाकडे धरीत होता. फडके वापरीत नव्हता. धाग्याचा एक तंतू आत गेला तरी तो पुढे जाऊन नोझल अडवतो. दुसऱ्या दिवशी नव्या रबरांनिशी पंप यंत्रावर चढला. समोर काचेच्या चार नळ्या, अंकांच्या रेघा आखलेल्या. यंत्र सुरू झाले, हजार वाटे पडले, आणि नळ्यांत तेल चढले. तीन सारख्या, चौथी दोन रेघा खाली. माथ्यातली त्या वाटेची झडप झिजली होती. गळतीचा तिच्याशी संबंध नव्हता. ती तशीच ठेवली असती तरी गाडी चालली असती. "बदलू का?" त्याने विचारले. आम्ही हो म्हटले. पुन्हा हजार वाटे, पुन्हा नळ्या. या वेळी चारही पाण्याच्या पातळीसारख्या. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू पहिल्याच बेरजेला जुळाव्यात तसा आनंद आम्हांला त्या वेळी झाला, आणि तो कोणाला सांगावा हे कळेना.

मंगळवारी पंप परत बसला. रेघेला रेघ मिळाली तेवढ्यावर बाहचे समाधान नव्हते. माथ्याच्या मधल्या छिद्रात त्याने घड्याळासारखे मापयंत्र बसवले आणि इंजिन हाताने फिरवीत दांडा किती पुढे येतो ते पाहिले. हवा तो आकडा मिलिमीटरच्या आसपासचा. तो येईपर्यंत त्याने पंप केसाकेसाने फिरवला. तेल लवकर पडले तर इंजिन ठोके देते, उशिरा पडले तर धूर आणि चढावर दम. मग हातपंपाने पोट भरले, नोझलांकडच्या नटा अर्ध्या फेऱ्याने ढिल्या केल्या, स्टार्टर दिला. आधी फेस, मग बुडबुडे, मग निखळ तेल. एकेक नट आवळली गेली आणि इंजिन उठले. नळ्यांच्या जोडांवर त्याने दुरून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवला. बोट नाही. पुठ्ठा कोरडा. आजींचा पावडरीचा डबा पुन्हा मागवला गेला, आणि तो निम्म्यावर आलेला पाहून आजी महिन्यात प्रथमच हसल्या. "नवरीला नटवता की काय रे?"

बिल सहा घरांत वाटले. स्नेही नको म्हणत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

ठरल्या पहाटे गाडी पहिल्या हाकेला उठली. आजी गादीवर, डोक्याशी सूनबाई, पुढे स्नेही आणि आम्ही. नोंगपोहला चहाला थांबलो तेव्हा आम्ही बॉनेट उघडून पाहिले, मागून आजींचा आवाज आला, "आहे का रे ठीक?" आहे म्हटले. जोराबाटच्या पुढे धुके सरले आणि ऊन लागले. स्टेशनावर खुर्चीतून डब्यापर्यंत नेताना त्यांनी आमचा हात धरला होता. शिलाँगविषयी, मुलाच्या संसाराविषयी काहीतरी बोलतील असे वाटले. त्यांनी विचारले, "त्या बोटवाल्याला पैसे दिलेस ना सगळे?"

आजी गावी पोचल्या. पुढच्या ज्येष्ठात त्यांच्याच माजघरात गेल्या. स्नेही फेब्रुवारीत निवृत्त होऊन त्यांच्यापाशी गेले होते, चार महिने मिळाले.

जाताना व्हॅन ते आमच्या स्वाधीन करून गेले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याचा नियम लागू झाला, आणि आमच्या कचेरीची जीप, तसल्याच पंपाची, यादीत गेली; ती यादी आम्हीच टंकलिखित केली. खासगी गाडीला तपासणी करून मुदत वाढवून मिळते. २०२५ साली व्हॅनची पंधरा वर्षे भरली तेव्हा आम्ही अर्ज भरला आणि गाडी तपासणीला नेली. तपासनीस तरुण होता. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धुराची नळी लावली, बॉनेट उघडून पंपाच्या सांध्यावरून एक बोट फिरवले, आणि ते कोरडे बोट सवयीने रुमालाला पुसले.